डोंगरावरचा काळा पाषाण आणि जगाची प्राचीन शिल्पकला

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागल्या, गुलालाने आसमंत भरून गेला, म्हणजे मंदिराच्या दगडाकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. ते स्वाभाविकच आहे. भाविक देवाच्या भेटीला आलेला असतो, भिंतीच्या नव्हे. परंतु यात्रा सरते, पाऊस पडतो, गुलाल धुऊन जातो आणि खालचा काळा पाषाण पुन्हा दिसू लागतो. त्या पाषाणावर टाकीचे घाव आहेत. ते ज्यांनी घातले त्या पाथरवटांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. मात्र त्यांनी काय जाणले होते, दगडाचे वजन कसे पेलले होते आणि पाणी कसे बाहेर काढून दिले होते, हे सर्व त्या दगडात लिहिलेले आहे. ज्याला वाचता येईल त्याच्यापुढे ते उघडे आहे.

प्राचीन जगाची कला आणि वास्तुविद्या म्हटली की इजिप्तचे पिरॅमिड, ग्रीसची संगमरवरी देवळे, रोमचे घुमट डोळ्यांपुढे येतात, आणि हा विषय विद्यापीठातील पंडितांचा असे आपण समजून चालतो. जोतिबाच्या डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला मात्र या अभ्यासासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. डोंगर, त्याचा पायथा, कोल्हापूर शहर, कृष्णाकाठचे खिद्रापूर आणि गावाची स्वतःची वेस एवढ्या टापूत जगाच्या शिल्पकलेचे बहुतेक मोठे धडे गिरवता येतात. मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतलेल्या गावाला तर या धड्यांची विशेष गरज आहे. कारण जीर्णोद्धाराच्या दिवसांत जुना दगड हलतो, आणि एकदा हललेला व फुटलेला दगड पुन्हा पूर्ववत होत नाही.

डोंगर आणि त्यावरील मंदिरे

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७-१८ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंचीवर जोतिबाचे ठाणे आहे. मूळ मंदिर कराडजवळच्या किवळ गावच्या नावजी नामक भक्ताने बांधले अशी परंपरा सांगते. त्या जागी आजचे मंदिर १७३० साली राणोजी शिंदे यांनी उभारले. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे जोतिबा हे कुलदैवत. गॅझेटियरमध्ये या मंदिराची मापे ५७ फूट लांब, ३७ फूट रुंद आणि शिखरासह ७७ फूट उंच अशी दिली आहेत. केदारेश्वराचे मंदिर १८०८ साली दौलतराव शिंदे यांनी बांधले. रामलिंगाचे मंदिर १७८० च्या सुमारास मालजी निलम पन्हाळकर यांनी, तर चोपडाईचे मंदिर १७५० साली प्रीतिराव चव्हाण हिंमतबहाद्दर यांनी बांधले. म्हणजे आज एक दिसणारा हा देवळांचा मेळा किमान तीन पिढ्यांच्या दातृत्वातून उभा राहिला आहे. पहिले नाव एका साध्या भक्ताचे आहे आणि पुढची नावे सरदारांची आहेत, ही गोष्ट देणगीदारांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या सर्व मंदिरांचा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेला लाव्हारस थरावर थर निवून हा दगड झाला. जगातील प्रत्येक संस्कृतीची कला तिच्या पायाखालच्या मातीने व दगडाने घडवली आहे. टायग्रिस-युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यात दगड दुर्मिळ, म्हणून सुमेरी लोकांनी कच्च्या-पक्क्या विटांचे पायरीपायरीचे देवमंच रचले. इजिप्तमध्ये चुनखडक मुबलक, म्हणून इ. स. पूर्व २५६० च्या सुमारास खुफू राजाचा १४६ मीटर उंचीचा पिरॅमिड उभा राहू शकला. ग्रीकांना संगमरवर मिळाला. तो दगड मऊ, कातडीसारखी झिलई घेणारा, म्हणून त्यांच्या मूर्तीत स्नायू न् स्नायू दिसतो. दख्खनच्या पाथरवटाच्या वाट्याला आला तो कठीण, घणाला दाद न देणारा काळा दगड. तो घडवायला वेळ लागतो, पण एकदा घडला की शतके टिकतो. डोंगरावरच्या मंदिरांचा भारदस्तपणा हा या दगडाचा स्वभाव आहे.

पायथ्याची लेणी

डोंगर उतरून पोहाळे गावाकडे आले म्हणजे कातळात कोरलेली लेणी लागतात. ही बौद्ध लेणी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील मानली जातात. मध्ये सभागृह, कडेने भिक्षूंच्या राहण्याच्या कोठड्या आणि छताला आधार म्हणून कातळातच राखलेले खांब, अशी त्यांची मांडणी आहे. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे या नियमातून अशी निवासस्थाने जन्मली. सह्याद्रीच्या घाटवाटांवर ती ठिकठिकाणी आढळतात.

लेणे हे बांधलेले नसते, ते उरवलेले असते. गवंडी दगडावर दगड चढवतो, लेणे कोरणारा नको तो दगड काढून टाकतो. बांधकामात चूक झाली तर दगड बदलता येतो. लेण्यात एक घाव चुकला तर खांबच गेला. म्हणून लेणे कोरणाऱ्याला पहिला घाव घालण्यापूर्वी अखेरचा आकार डोळ्यांपुढे उभा करावा लागे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वरून खाली असे कोरले गेले. आधी कळस आणि मग पाया असा तो उलटा प्रवास आहे. जॉर्डन देशातील पेट्रा येथे नबाती लोकांनी सुमारे ४० मीटर उंचीचे दर्शनी शिल्प अशाच रीतीने वरून खाली कोरले आहे. त्यांचा दगड वालुकाश्म, म्हणजे कोरायला सोपा पण वाऱ्यापावसाने झिजणारा. त्या कारागिरांची व आपल्या कारागिरांची भेट झाल्याचा पुरावा नाही, तरी दोघांची युक्ती एकच. उंच कड्यावर परांची बांधण्यापेक्षा वरून कोरत खाली येणे सोपे, हे दगडानेच दोघांना शिकवले.

येथेच या अभ्यासातील पहिला नियम हाती लागतो. दोन ठिकाणी एकच युक्ती दिसली म्हणजे एकाने दुसऱ्याचे उचलले असे होत नाही. अडचण सारखी असली तर माणसाची अक्कलही सारखीच चालते.

ब्रह्मपुरीचा पाहुणा

मात्र काही वेळा दूरच्या वस्तू खरोखरच प्रवास करून येतात. त्याचे जगाने नोंद घ्यावी असे उदाहरण जोतिबाच्या नजरेच्या टप्प्यात, कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी आहे.

नदीकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर जुनी नाणी व विटा सापडत, हे लोकांना ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरात बौद्ध स्तूपाच्या अवशेषात एक दगडी पेटी व तिच्यात स्फटिकाचा करंडक मिळाला. पेटीच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत दोन नावे होती. एक दान देणाऱ्या ब्रह्म याचे आणि दुसरे ते काम करवून घेणाऱ्या धर्मगुप्ताचे. दाता आणि कार्यकर्ता या दोघांचीही नावे दगडावर कोरण्याची रीत या भागात दोन हजार वर्षांची जुनी आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

पुढे १९४४-४५ मध्ये राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदनगार यांच्या देखरेखीखाली ब्रह्मपुरीवर खोदकाम झाले. लगोलग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहन काळातील विटांची घरे उघडी पडली. १९४४-४५ च्या खोदकामात कांस्य वस्तूंचा जो साठा मिळाला, त्यात हत्तीवर बसलेल्या स्वारांचे सुंदर देशी शिल्प होते, परदेशी बनावटीची भांडी व आरसा होता आणि वीतभरही उंच नसलेली एक मूर्ती होती. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास रोमन साम्राज्यात ओतलेली ही मूर्ती ग्रीक शिल्पकार लायसिपस याच्या परंपरेतील असल्याचे अभ्यासक मानतात. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाची ती शोभा झाली. १९४६ साली हे संग्रहालय सुरू झाले, त्यामागे ब्रह्मपुरीच्या या वस्तू नीट ठेवण्याची निकड होती. २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्राचीन भारतीय बौद्ध कलेचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा कोल्हापूरची ही इवलीशी मूर्ती तेथे मांडली होती. जगभरचे लोक तिच्यापुढे थांबले. कोल्हापूर परिसरातील किती जणांनी ती टाऊन हॉलमध्ये जाऊन पाहिली असेल, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावा.

रोमचा देव पंचगंगेकाठी कसा आला? याचे उत्तर व्यापारात आहे. मोसमी वाऱ्यांच्या आधाराने इजिप्तच्या बंदरांतून जहाजे थेट पश्चिम किनाऱ्याला येत. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार लिहितो की त्याच्या काळी एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानकडे निघत. प्लिनी या रोमन लेखकाने तर दरवर्षी कोट्यवधी रोमन नाणी या व्यापारात हिंदुस्थानात जातात अशी तक्रारच नोंदवली आहे. कोकणच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून देशावर येई. सातवाहन काळातील कोल्हापूर भागाची जी नाणी आहेत त्यांवर धनुष्यबाण व विळिवायकुर असे नाव आढळते. टॉलेमी या अलेक्झांड्रियाच्या पंडिताने ज्या बालिओकूरोस राजाचा उल्लेख केला, तो या विळिवायकुर घराण्याचाच असे अभ्यासक म्हणतात.

या मूर्तीसंबंधी एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. पोसायडनचे आयुध त्रिशूळ. आपल्या जोतिबाच्या चार हातांतही खड्ग, पानपात्र, डमरू व त्रिशूळ आहेत. एवढ्यावरून दोन्ही देव एकच, असे एखादा उत्साही गृहस्थ म्हणेल. ते खरे नव्हे. पोसायडनचा त्रिशूळ हा मूळचा मासे मारणाऱ्या कोळ्याच्या हातातला भाला आणि जोतिबाचा त्रिशूळ शिवाच्या परंपरेतला. बाहेरून सारखे, आतून वेगळे. खरा अभ्यासक सारखेपणा पाहून हरखत नाही. तो विचारतो, ही वस्तू कोणी केली, कशासाठी केली आणि ती जेथे आहे तेथे का आहे?

मूर्ती पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. इजिप्तच्या जुन्या मूर्ती ताठ उभ्या, दोन्ही पायांवर सारखा भार घेतलेल्या असतात. इ. स. पूर्व पाचव्या शतकात ग्रीक शिल्पकारांनी एका पायावर भार देऊन दुसरा गुडघा सैल सोडला आणि दगडात चैतन्य आले. आपल्या शिल्पकारांनी मान, कंबर व गुडघा अशा तीन ठिकाणी वाकणारी त्रिभंग मूर्ती घडवली. तिघांच्या डोळ्यांपुढे माणूसच होता, पण इजिप्तला त्याचे चिरंतनत्व दाखवायचे होते, ग्रीसला त्याचे शरीर आणि भारताला त्याची लय.

तुळई, कमान आणि मोकळे आकाश

आता मूर्तीकडून इमारतीकडे वळू. छत पेलायचे कसे, हा जगातील सर्व प्राचीन स्थपतींपुढचा प्रश्न होता. सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन खांब व वर आडवी तुळई. परंतु दगड दाबाला घट्ट आणि ताणाला कच्चा. तुळई लांब केली की ती मध्ये तडकते. म्हणून खांब जवळजवळ उभे करावे लागतात. इजिप्तच्या कर्नाक मंदिरातील १३४ खांबांचे दालन, अथेन्सचे पार्थेनॉन आणि आपल्याकडचा कोणताही जुना सभामंडप पाहावा. खांबांची ती गर्दी शोभेसाठी नाही, दगडाच्या या स्वभावामुळे आहे.

दुसरा उपाय म्हणजे दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत जाणे, म्हणजे वर दोन्ही बाजू एकमेकींना येऊन मिळतात. ग्रीसमधील मायसीनी येथे इ. स. पूर्व तेराव्या-चौदाव्या शतकात याच रीतीने सुमारे १३ मीटर उंचीची पोळ्याच्या आकाराची समाधी बांधली. आपल्या हेमाडपंती देवळातही मान वर करून पाहिले असता थरांची वर्तुळे किंवा चौकटी लहान लहान होत मध्यबिंदूपर्यंत जाताना दिसतात. तेथे चुन्याचा उपयोग नाही. दगडाचे वजनच दगडाला जागेवर धरते.

तिसरा उपाय खऱ्या कमानीचा. पाचरीसारखे दगड अर्धवर्तुळात बसवून वरचा भार दोन्ही बाजूंनी खाली उतरवायचा. रोमन लोकांनी कमान व चुन्याचा गिलावा यांच्या जोरावर सारे साम्राज्य बांधले. त्यांच्या चुन्यात ज्वालामुखीची राख असे, त्यामुळे तो पाण्यातही घट्ट होई. इ. स. १२६ च्या सुमारास हेड्रियन बादशहाच्या काळात पूर्ण झालेल्या रोममधील पँथिऑन या देवळाचा घुमट ४३ मीटर व्यासाचा आहे आणि त्यात लोखंडाची एक सळईही नाही. त्या घुमटाच्या माथ्यावर वर्तुळाकार उघडे भोक आहे. त्यातून सूर्यप्रकाश आत येतो, पाऊसही येतो आणि फरशीतील छिद्रांतून पाणी वाहून जाते.

हे वाचताना कोल्हापूर जिल्ह्यातील जाणत्या माणसाला शिरोळ तालुक्यातील खिद्रापूर आठवल्यावाचून राहणार नाही. कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा असून त्याच्या मध्यभागी वर्तुळाकार मोकळे आकाश आहे. खाली त्याच मापाची गोल शिळा, भोवती बारा खांबांचे कडे. शिलाहार राजांच्या बाराव्या शतकातील हे काम. तेथील शके ११३६ चा लेख यादव राजा सिंघण याचा आहे. पँथिऑन घुमटाचे आणि स्वर्गमंडप खांब-तुळईचा. एक रोमचा, दुसरा कृष्णाकाठचा. रीत निराळी, मध्ये हजार वर्षांचे अंतर, परंतु देवाच्या घरात आभाळ उतरवावे ही ओढ दोन्हीकडे सारखीच.

जोतिबाच्या डोंगरावर या सर्व रीतींचा पुढचा टप्पा दिसतो. अठराव्या शतकापर्यंत कमान व घुमट मराठी गवंड्याच्या हातात पुरते रुळले होते. म्हणून केदारेश्वरापुढील काळ्या पाषाणाचे नंदी छोट्या घुमटीखाली बसले आहेत, तर देवांच्या डोक्यावर परंपरेने आलेले शिखर आहे. जुने टाकले नाही, नवे नाकारले नाही. हे शहाणपण नोंद घेण्यासारखे आहे.

वेशीवरचा वीरगळ

इतका लांबचा प्रवास करून आता गावात परत यावे. कोल्हापूर भागात जुन्या देवळाच्या आवारात, पारावर वा वेशीवर चौकटींचा उभा दगड असलेले गाव शोधावे लागत नाही. कोणी त्याला देव म्हणून शेंदूर फासतो, कोणी त्यावर धुणे धुतो. तो वीरगळ. गावच्या गुरांसाठी, बायकामुलांसाठी वा राजासाठी लढताना पडलेल्या वीराचे ते स्मारक. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर लढतो वा पडलेला दिसतो. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो. सर्वांत वर कलश, आणि बाजूला चंद्रसूर्य, म्हणजे ही कीर्ती ते आकाशात आहेत तोवर राहो. गाढवाचे चित्र कोरलेला दगड असेल तर तो गद्धेगाळ, म्हणजे दिलेले दान मोडणाऱ्याला घातलेली शपथ.

रोममध्ये इ. स. ११३ साली उभारलेला ट्राजन बादशहाचा स्तंभ आहे. त्यावर त्याच्या युद्धांची कथा खालून वर अशी वेढ्यावेढ्यांनी कोरली आहे. जगभरचे विद्यार्थी तो शिकतात. तो बादशहाचा आहे. आपल्या वेशीवरचा वीरगळ बहुधा नाव विसरलेल्या एखाद्या गावकऱ्याचा आहे. बादशहाच्या स्तंभाभोवती कठडा आहे, आणि गावकऱ्याचा दगड जीर्णोद्धाराच्या वेळी पायात गाडला जाण्याची भीती आहे. तो गाडला गेला तर गावाच्या जुन्या इतिहासाचे ते एकमेव पान फाटले, असे समजावे.

जीर्णोद्धारातील चुका आणि शहाणपण

सद्हेतूने केलेला जीर्णोद्धारही वास्तूला कसा घातक ठरतो, याचे मोठे उदाहरण अथेन्सचेच आहे. पार्थेनॉनचे दगड जोडताना प्राचीन ग्रीकांनी लोखंडी पट्ट्या वापरल्या, पण त्यांभोवती शिसे ओतले, म्हणजे हवापाणी लोखंडाला लागू नये. १८९८ ते १९३३ या काळात निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पडझड झालेले भाग मोठ्या निष्ठेने पुन्हा उभे केले. लोखंड त्यानेही वापरले, परंतु शिशाचे आवरण घातले नाही. काही दशकांत लोखंड गंजले, फुगले आणि दोन हजार चारशे वर्षे टिकलेला संगमरवर आतून फुटू लागला. १९७५ मध्ये खास समिती नेमावी लागली. त्या पट्ट्या एकेक करून काढून न गंजणाऱ्या टायटॅनियमच्या बसवण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. बालानोसची नियत चांगली होती. उणीव एवढीच की जुन्या कारागिराने शिसे का ओतले होते, हा प्रश्न त्याने पुरेसा विचारला नाही.

याउलट इजिप्तमधील अबू सिंबेलचे उदाहरण. दुसरा रामेसिस राजाने इ. स. पूर्व तेराव्या शतकात कोरवलेले हे डोंगरातील मंदिर आस्वान धरणाच्या पाण्यात बुडणार होते. वर्षातून दोन वेळा, फेब्रुवारी व ऑक्टोबर महिन्यात, उगवत्या सूर्याची किरणे तेथील गाभाऱ्यापर्यंत जातात. १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने सारे मंदिर कापून, प्रत्येक तुकड्याला क्रमांक घालून सुमारे ६५ मीटर उंच जागी पुन्हा जोडले. सूर्याची वाटही मोजून राखली. कोल्हापूरकरांना हे नवल वाटू नये. अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत होणारा किरणोत्सव हीच विद्या सांगतो. किरणांच्या वाटेत एखादी उंच इमारत उभी राहिली तर तो किरण अडतो, म्हणजे मंदिर केवळ आवाराच्या भिंतीपुरते नसते हेही तो सांगतो. आपल्या शेजारच्या गोव्यात कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर साळावली धरणापायी पाण्याखाली जाणार होते. तेही दगडांना क्रमांक देऊन दुसरीकडे जसेच्या तसे उभे केले आहे. तेव्हा हे काम फक्त श्रीमंत देशांनाच जमते, असे म्हणण्यास जागा नाही.

गावाने काय करावे

या साऱ्याचे सार गावापुरते सांगायचे तर ते फार अवघड नाही. जुने बांधकाम उतरवण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहून ठेवावीत आणि दगडांवर खडूने वा पुसता येईल अशा रंगाने क्रमांक घालावेत. जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यात सिमेंट भरण्याआधी जाणकारास विचारावे. चुना पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडते, आणि कोंडलेले पाणी दगडाचाच पापुद्रा काढते. घाणीत मळलेला, गूळ व हिरड्याचे पाणी घातलेला चुना म्हणजे मागासलेपण नव्हे, ते परंपरेने पारखलेले शास्त्र आहे. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढवल्याने देवळाला नवी झळाळी येते खरी, पण टाकीची रेघ बुजते आणि कोरीव काम वाचता येईनासे होते. वाळूच्या फवाऱ्याने दगड स्वच्छ करणे म्हणजे मूर्तीच्या चेहऱ्याची कातडी काढणे होय. वीरगळ, गद्धेगाळ, भग्न मूर्ती, शिलालेख हे आवारातच एका ओट्यावर छपराखाली मांडावेत. खर्च थोडा, पण पुढच्या पिढीला गावातच संग्रहालय मिळेल.

पाया खोदताना नाणी, मूर्ती वा ताम्रपट सापडल्यास तो लपवू नये वा वाटून घेऊ नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी ब्रह्मपुरीचा साठा लोकांनी वाटून घेतला असता, तर पोसायडन मोडीच्या भावाने भट्टीत गेला असता. मग कोल्हापूरचे नाव रोमच्या व्यापाराच्या इतिहासात एवढ्या ठसठशीतपणे कोण लिहिता?

जीर्ण याचा उद्धार तो जीर्णोद्धार. जीर्णाचा नाश करून नवे उभारणे याला दुसरा शब्द आहे. किवळच्या नावजीचे मूळ मंदिर आज डोंगरावर दिसत नाही, पण त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, कारण पुढे बांधणाऱ्यांनी मागच्याची आठवण पुसली नाही. आज देणगी देणाऱ्यांची नावे नव्या फरशीवर कोरली जातील, ती कोरली जावीतच. त्यासोबत ज्यांची नावे कुठेच नाहीत त्या जुन्या हातांचे कामही जागेवर राहिले, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्रह्म व धर्मगुप्तांच्या शेजारी आजचे दाते व कार्यकर्ते मानाने बसतील.

चैत्रात पुन्हा गुलाल उधळला जाईल आणि पावसात पुन्हा धुऊन जाईल. खालचा काळा पाषाण मात्र तेथेच असावा आणि त्यावरची टाकीची रेघ नातवंडांना बोटाने चाचपता यावी, हीच श्री जोतिबाचरणी प्रार्थना.

चांगभलं!